हिरडीचं रक्त थांबवल्यावर सेल्फ-एच बाँड: आधी फॉस्फोरिक ॲसिड लावायचं की नाही? (दातांच्या भरणीबद्दलची चर्चा; रेझिनटॅग, एनॅमलपुरतं, कॉर्ड०० ही टोपणनावं)

रेझिनटॅग: हिरडीलगतच्या क्लास फाइव्हमध्ये (दाताच्या मानेवरच्या खड्ड्यात) रक्त आलं की ते थांबवायला २५ टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा २० टक्के फेरिक सल्फेट लावायचं, फवारा मारायचा आणि थेट सेल्फ-एच बाँड (वेगळं ॲसिड न लावता भरणी दाताला चिकटवणारा द्रव) घासायचा, ही पद्धत सर्रास दिसते. माझ्या मते ती चूक आहे. ही द्रावणं तीव्र आम्लधर्मी असतात. स्मिअर लेयर (कोरल्यावर दातावर बसलेला भुग्याचा थर) विरघळवून ती डेंटिनमधलं (एनॅमलखालच्या थरातलं) कॅल्शियम काढतात आणि ॲल्युमिनियम किंवा लोह गोठलेल्या प्रथिनांसकट मागे सोडतात. सौम्य सेल्फ-एचचा पीएच २ च्या आसपास, त्याला हा थर फुटत नाही. म्हणून ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद, भरपूर धुणं, मगच बाँड.

एनॅमलपुरतं: एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर) एकदम मान्य. डेंटिनवर मुळीच नाही. एमडीपीला (बाँडमधल्या चिकटणाऱ्या रेणूला) रासायनिक पकड घ्यायला कॅल्शियमच लागतं, आणि उरलंसुरलं तुम्ही ॲसिडने धुऊन टाकताय! कोलाजेन (डेंटिनमधलं प्रथिनांचं जाळं) खोलवर उघडं पडतं, बाँडमधलं रेझिन तळापर्यंत पोचत नाही. डेंटिनवर १७ टक्के ईडीटीए (ॲसिडपेक्षा सौम्य द्रावण) मिनिटभर लावून धुवा.

रेझिनटॅग: दोन बाटल्यांच्या सौम्य सेल्फ-एचपुरता तुमचा आक्षेप मान्य. पण युनिव्हर्सल बाँड एच करून (आधी ॲसिड लावून) वापरण्यासाठीही बनवलेले असतात. तिथे ॲसिड टाळायचं कारण काय? फक्त डेंटिन कोरडं ठणठणीत करू नका, ओलसर राहू द्या.

कॉर्ड००: दोघेही घाण झाल्यानंतरचं बोलताय. औषध डेंटिनवर जातंच का? ते हिरडीचं आहे. ०० नंबरची कॉर्ड (हिरडी मागे सारणारा बारीक दोरा) ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवा, गॉजवर टिपून घ्या, सल्कसमध्ये (हिरडी आणि दातामधल्या खाचेत) बसवा आणि क्युअरिंग होईपर्यंत (रेझिन प्रकाशाने घट्ट होईपर्यंत) काढू नका; आधी ओढली की रक्त पुन्हा सुरू. बाँडच्या आधी त्या जागी हवा-पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. गुठळी निघून लाल रेघ दिसली, तर रक्त थांबलेलंच नव्हतं. आणि पुढच्या दातांना फेरिक सल्फेट नकोच. त्याचा काळपट अवशेष कडेला राहिला, तर कंपोझिटखाली (दाताच्या रंगाच्या भरणीखाली) डाग दिसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसणाऱ्यांनीही थांबावं: उरलेला ऑक्सिजन रेझिन घट्ट होऊ देत नाही.

एनॅमलपुरतं: कॉर्डचं सोळा आणे खरं. पण खोल क्लास टूच्या बॉक्समध्ये (दोन दाढांमधल्या बाजूच्या खड्ड्यात), कडा मुळाच्या डेंटिनवर असेल तर औषध ओघळतंच. तिथे ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करून (एअर ॲब्रेजन) वरचा थर उडवा, धुवा, मग सेल्फ-एच. ॲसिड एनॅमलच्या कडेपुरतंच.

रेझिनटॅग: हिरडीला खेटून ॲब्रेजन केलंत तर रक्त पुन्हा येणार, पुन्हा औषध लागणार. युनिव्हर्सल बाँड असेल तर त्या बॉक्समध्ये मी १५ सेकंदांचं ॲसिडच सांगेन.