टाकीत क्लोरीन टाकलं म्हणजे झालं?

जलसाक्षी: कालच्या धाग्यावर एकानं ठासून लिहिलं होतं, "हॉस्पिटलच्या टाकीत क्लोरीन असतं, पाण्यातून न्यूमोनिया हा निव्वळ बागुलबुवा." वाचून राहवलं नाही. न्यूमोनिया करणारा पाण्यातला जंतू म्हणजे लेजिओनेला, आणि त्याचा खरा अड्डा पाइपच्या आतला बुळबुळीत थर. तिथल्या अमीबाच्या पोटात शिरून बसला की नेहमीचं क्लोरीन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. कोमट, साचलेलं पाणी मिळालं की वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून किंवा ठसका लागून थेट फुफ्फुसात जातो. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या अधिवेशनानंतर 34 जण दगावले, तेव्हा या जंतूला नावही नव्हतं. गरम पाणी साठवणीत 60 अंश ठेवा, नळापर्यंत 50 च्या खाली येऊ देऊ नका, रिकाम्या खोल्यांतले नळ नेमाने सोडा, बंद पडलेल्या लाइनी कापून टाका.

पाना_पक्कड: लिहायला काय जातं! मेंटेनन्सला मी असतो. 60 अंशाच्या पाण्यानं काही सेकंदांत कातडी सोलवटते. एखाद्या आजींचा हात भाजला की नोटीस मला येते, तुम्हाला नाही.

जलसाक्षी: त्यासाठी मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो, गरम पाण्यात थंड मिसळून देणारा.

पाना_पक्कड: आणि व्हॉल्व्हच्या पुढचं पाणी? कोमटच ना? म्हणजे जंतूची सोय आम्हीच करायची.

जलसाक्षी: म्हणून तो नळाला अगदी खेटून बसवायचा. बेसमेंटमध्ये एकच बसवून अख्ख्या मजल्याला कोमट पाणी पाठवलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

रात्रपाळी: तुमचे अंश चालू द्या. आमच्या वॉर्डात साधे नळ काढून सेन्सरचे बसवले, "हात लागत नाही, संसर्ग टळतो" म्हणून. आम्हा सिस्टर्सना कुणी विचारलंसुद्धा नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या 2011 च्या तपासणीत सेन्सर नळांच्या निम्म्या नमुन्यांत लेजिओनेला सापडला, साध्या नळांत 15 टक्के. त्यांनी ते नळ काढायला घेतले. आमच्याकडे मात्र उद्घाटनाचे फोटो!

चकचकीत: एका तपासणीवरून सगळे सेन्सर नळ वाईट? ही शितावरून भाताची परीक्षा झाली. हातांवरून पसरणारे जंतू कमी आहेत का?

रात्रपाळी: हात मी दिवसभर धुते, मला शिकवू नका. अतिदक्षता विभागात एक नातेवाईक नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा) कप त्याच नळाखाली विसळताना मी स्वतः पाहिलाय. कप ओढून घेतला, तर माझीच तक्रार झाली. तिथे निर्जंतुक पाणीच हवं, हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पाना_पक्कड: सेन्सरबद्दल सिस्टरांचं खरं आहे. नाइलाजानं म्हणतोय, कारण ते मीच बसवलेत. खोलून बघा: आत बारीक व्हॉल्व्ह, रबरी पडदा, जाळी, आणि प्रत्येकावर करडा चिकट लेप. पाण्याची धार कमी, त्यामुळे पाइप नीट धुतला जातच नाही. पण 60 अंशांचं मला अजून पटलेलं नाही.

स्टेथो: नळांवरून भांडताय, पण निदानाचं काय? लघवीची झटपट चाचणी मुख्यतः सेरोग्रुप 1, म्हणजे लेजिओनेलाचा एकच प्रकार, पकडते. ती निगेटिव्ह आली की सगळे हुश्श करतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं इथे कामाची नाहीत, जंतू आपल्याच पेशींत लपतो. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन उशिरा सुरू झालं की रुग्ण हातचा जातो. थुंकी कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला) पाठवा, आणि लॅबला लेजिओनेला शोधायचाय हे लिहून द्या. साध्या माध्यमावर तो उगवतच नाही.

चकचकीत: बरं, प्रत्यारोपणाच्या वॉर्डात सेन्सर नको, मान्य. ओपीडीतले मी काढणार नाही.

रात्रपाळी: ओपीडीतले ठेवा. आमचे कधी काढताय ते बोला.

पाना_पक्कड: साधे नळ मंजूर करून आणा, मी एका पाळीत बदलतो. तोवर नळांना जंतू अडवणारे 0.2 मायक्रॉनचे फिल्टर लावा. आणि रिकाम्या खोल्यांतले नळ सोडायची वही सिस्टरांनी भरायची, मी नाही.

रात्रपाळी: वही आम्हीच का? पाना तुमच्या हातात आहे ना?