दुकानातल्या मशीनवर टूलबार सगळ्यांसाठी एकसारखा कसा ठेवायचा?

देवगड_डीटीपी:
नमस्कार मंडळी. देवगडात आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, एका मशीनवर वर्ड आणि दुसऱ्यावर लिबरऑफिस. एप्रिल-मे म्हणजे आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बिलं, पार्ट्यांच्या पत्त्यांच्या याद्या सगळं एकदम अंगावर येतं. आम्ही तिघं आळीपाळीने बसतो, ज्याला जे बटण लागतं ते तो वर आणून ठेवतो, दुसऱ्याचं काढून टाकतो, मग पुढचा शोधत बसतो आणि गिऱ्हाईक समोर उभं. मेल मर्ज (यादीतले पत्ते एकाच मजकुरात आपोआप भरणं), प्रिंट प्रिव्ह्यू, पेज सेटअप एवढं तरी एका जागी पाहिजे. आणि उद्या मशीन फॉरमॅट मारलं तर परत पहिल्यापासून करावं लागेल का?

रत्नागिरीकर७:
वर्डचं सोपं आहे. कुठल्याही बटणावर राइट क्लिक करून 'ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार' केलं की ते त्याच नावाच्या वरच्या छोट्या पट्टीत येतं. रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या रुंद पट्ट्यावर, कुठलाही टॅब उघडा असू दे, पट्टी तशीच दिसते. मग आल्ट दाबला की बटणांवर 1, 2, 3 आकडे येतात, म्हणजे माऊसपण नको. सगळं लावून झालं की फाईल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन मध्ये खाली इम्पोर्ट/एक्स्पोर्ट आहे, ती फाईल पेनड्राइव्हवर ठेवा. फॉरमॅटनंतर इम्पोर्ट करा, फक्त लक्षात ठेवा की इम्पोर्टने तिथलं आधीचं कस्टमायझेशन पुसलं जातं.

मालवणी_माणूस:
लिबरऑफिसचा घाबरू नको, सगळा परत गावता. टूल्स मध्ये कस्टमाइझ उघड, तिथे मेनू, टूलबार, कीबोर्ड सगळ्याचे वेगळे टॅब आहेत. तिथेच स्कोप म्हणून खाना आहे, त्यात रायटर (लिबरऑफिसमधला वर्डसारखा भाग) निवडलं तर बदल सगळ्या फाईलींना लागतो, उघडलेल्या फाईलचं नाव निवडलं तर त्या फाईलपुरताच. लेबलाच्या फाईलला हे फार कामाचं, बटणं त्या फाईलबरोबरच फिरतात. टूलबारवर राइट क्लिक करून 'लॉक टूलबार पोझिशन' कर म्हणजे पट्टी इकडेतिकडे ओढली जाणार नाही. बॅकअपला लिबरऑफिस बंद करून ॲपडेटा, रोमिंग, लिबरऑफिस, 4 मधलं युझर फोल्डर कॉपी करून ठेव.

चिपळूणची_ऑपरेटर:
वरचं दोन्ही बरोबर, पण तुमच्याकडे तिघंही एकाच विंडोज लॉगिनवर बसतात ना? ही सेटिंग्ज लॉगिनप्रमाणे साठतात, म्हणून तिघांची तीन लॉगिन केली की कोण कोणाचं बिघडवणार नाही. तरी मी म्हणेन दुकानात एकच ठेवा आणि बटणं तिघांनी बसून ठरवा. हात बटणाच्या जागेला सरावतो, डोळे नंतर. ऑफिस 2000 मधले मेनू आठवा, जे कमी वापरलं ते आपोआप लपायचं, लोक कंटाळले होते. 2007 ला रिबन आला तेव्हा आपल्याला लावता यायची ती फक्त ती छोटी पट्टी, सेटिंगमधून रिबनचे टॅब बनवायची सोय 2010 ला आली. पट्टीत बटणं थोडीच ठेवा, खूप भरली की परत शोधाशोध सुरू.

देवगड_डीटीपी:
हे पटलं, एकच लॉगिन ठेवतो. पण कोणी लिबरऑफिसमध्ये पार घोळ घातला तर?

मालवणी_माणूस:
हेल्प मध्ये 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे. तिथे सेटिंग्ज आणि युझर इंटरफेसचे (मेनू, टूलबार वगैरेचे) बदल रीसेट करायचा पर्याय मिळतो. मग साठवलेलं युझर फोल्डर परत जागेवर टाक, पण लिबरऑफिस बंद असताना.