मदत हवी आहे : आईसमोर ईयोब 19:25 वर काय बोलू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. येत्या शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनासभा आहे. पाळकसाहेबांनी दहा मिनिटं मला बोलायला सांगितलंय. वचन आईनेच निवडलं, बायबलमधल्या ईयोबाचं (सगळं गमावून, आजारी पडूनही देवाला धरून राहिलेला माणूस), 'माझा उद्धारक जिवंत आहे'. तिची चौथी केमो झालीय. तोंड आलंय, पेजसुद्धा चमच्या-चमच्याने घेते, उशाशी स्टीलचा वाडगा असतो.

एवढं वाचलंय की 'उद्धारक'साठी मूळ हिब्रू शब्द 'गोएल'. म्हणजे गेलेली जमीन सोडवून आणणारा, आपल्यासाठी उभा राहणारा जवळचा नातलग. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत तिच्या सासरची जमीन सोडवणारा नातलग बवाज तसाच. हे मला फार भिडलं. पण 26व्या वचनात काही भाषांतरं 'देहात' देवाला पाहीन म्हणतात, काही 'देहावेगळा'. मूळ हिब्रूतून दोन्ही निघतं म्हणे. आईने विचारलं तर काय सांगू?

दुसरं, एक मावशी येतात आणि 'विश्वास कमी पडतोय' असं आईच्या तोंडावर म्हणतात. अगदी ईयोबाचे मित्र, जे त्याच्या दुःखाचा दोष त्यालाच देत होते! (निदान ते सात दिवस गप्प तरी बसले होते.) त्याही येणार आहेत. त्यांना न दुखावता हे कसं मांडू? आजारी माणसासमोर या वचनावर कुणी बोललं असेल तर कृपया सांगा.