मदत हवी आहे : फोर्टमध्ये शंभर रुपयांत दुपारचं जेवण

नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यापासून माझं ऑफिस हुतात्मा चौकाजवळ आहे. डोंबिवलीहून सकाळी 7 च्या आतली लोकल पकडावी लागते, त्यामुळे डबा करणं जमत नाही. सुट्टी जेमतेम 40 मिनिटांची.

आतापर्यंत सीएसएमटीसमोरच्या पंचम पुरीवाल्याकडे जाऊन आले. पुऱ्या गरम, टम्म फुगलेल्या आणि बटाट्याची पातळ भाजी, मन तृप्त झालं. पण रोज तळलेलं पोटाला सोसत नाही. वडापाव, सँडविचवर चार दिवस काढले की संध्याकाळी गाडीत डोकं दुखायला लागतं. एका ठिकाणी थाळी घेतली तर वरणात सोडा इतका, की घसा दुपारभर खवखवत होता. पोळ्याही सकाळच्या, कडा वाळून कडक झालेल्या.

मला रोजचं साधं जेवण हवंय : दोन पोळ्या किंवा भाकरी, एक पालेभाजी, वरण-भात. 80 ते 100 रुपयांत बसावं. बोरा बाजार किंवा काळा घोडा भागात असं घरगुती जेवण देणाऱ्या कोणी मावशी, खानावळ माहीत आहे का? शिवभोजन केंद्र जवळपास सुरू आहे का? आणि डोंबिवलीत कोणी पोळी-भाजी करून डबेवाल्यांमार्फत पाठवत असेल, तर महिन्याचा खर्च साधारण किती येतो, तेही सांगा.

ज्यांनी स्वतः खाल्लंय त्यांनीच सुचवा, प्लीज.