ड्रॅगन एज: चॅन्ट्रीचा सूर्य कपाळावर का डागतात?

अर्धवट_सेव्ह:
काल ड्रॅगन एज २ या व्हिडिओ गेममध्ये आपला जादूगार साथीदार अँडर्स याच्या मित्राला, कार्लला (तोही जादूगार) भेटायचं मिशन झालं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. रात्री चॅन्ट्रीत, म्हणजे गेममधल्या धर्मसंस्थेच्या देवळात, तो पाठमोरा उभा, बोलणं एकदम सपाट, आणि वळतो तर कपाळावर सूर्य डागलेला. चॅन्ट्रीचं पवित्र चिन्ह पण तोच किरणांचा सूर्य ना? मग जी देवाची खूण तीच माणसाचं मन मारायला का वापरतात? मागे काही अर्थ आहे की नुसतं डिझाइन?

मीता_खेळते:
अर्थ आहे रे. अँड्रास्टे ही मेकरची, म्हणजे त्या धर्मातल्या देवाची प्रेषित, टेव्हिंटर या जादूगारांच्या साम्राज्याशी लढली आणि त्यांच्या राजधानीत, मिनराथसला तिला जिवंत जाळलं. ती जळत असताना तिथल्या शासकाने, आर्कन हेसारियनने तलवार खुपसून तिच्या यातना संपवल्या. म्हणून त्या धर्मात आग पवित्र, आणि मी तरी तो सूर्य म्हणजे तीच आग असं समजते. आता जादूगार स्वप्नात फेडमध्ये, म्हणजे आत्म्यांच्या जगात जातो, तिथे राक्षस टपलेले असतात, त्यामुळे ज्याचा भरवसा वाटत नाही त्याला लिरियम या जादुई खनिजाने डागून फेडशी नातंच तोडतात, यालाच ट्रँक्विल करणं म्हणतात. जादू जाते, पण स्वप्नं आणि भावना पण जातात. चॅन्ट्री याला दया म्हणते. तलवार खुपसली ती दया आणि डाग दिला ती पण दया, हे मला फार टोचतं.

वॉर्डन_सांगलीकर:
दया वगैरे काही नाही, सत्ता आहे ती. कार्ल हॅरोइंगची, म्हणजे राक्षसाला तोंड द्यायची जादूगारांची परीक्षा पास झालेला होता, आणि अशा जादूगाराला ट्रँक्विल करायचं नाही हा त्यांचाच कायदा, तरी केलं. गुरांना डागतात ना मालकी दाखवायला, तसंच.
पहिल्या भागातला, ओरिजिन्समधला ट्रँक्विल ओवेन आठवतो का? जादूगारांच्या टॉवरभर राक्षस, आणि हा म्हणतो स्टॉकरूममध्ये जाऊ नका, पसारा आहे, आवरून झालं नाही. बाहेर पडायचा प्रयत्न केला, वाटेत जादूची भिंत लागली, म्हणून परत येऊन कामाला लागला. मी तिथे गेम पॉज करून बसलो होतो.

मीता_खेळते:
@वॉर्डन कार्लच्या बाबतीत मान्य, तिथे दयेचा प्रश्नच नव्हता.
(स्पॉयलर, तिसरा भाग इन्क्विझिशन खेळला नसाल तर थांबा) २०१४ च्या त्या भागात रेडक्लिफ गावात एका बंद खोलीत कवट्या मांडून ठेवलेल्या सापडतात, सगळ्या ट्रँक्विल लोकांच्या, वेनाटोरी या टेव्हिंटरच्या पंथाने यंत्रं बनवायला मारलेल्या. ज्यांना सूर्य डागून सुरक्षित केलं म्हणत होते ना, त्यांच्याकडे बघायला कोणीच नव्हतं.

अर्धवट_सेव्ह:
स्पॉयलर वाचला, चालेल. अँडर्सच्या अंगात एक आत्मा राहतो ना, तो जागा होतो तेव्हा कार्ल दोन मिनिटं परत आधीसारखा बोलतो आणि म्हणतो मला मारून टाक, तेव्हा मला वाटलं होतं असं का मागतोय, जिवंत तर आहे. आता कळलं. ओरिजिन्स आज रात्री डाउनलोडला लावतो, ओवेनशी बोलायचंय.