लिथॉप्स कोकोपीटमधून काढून कशात लावू? आणि पाणी कधी?

गॅलरीतली_कुंडी (कर्वेनगर, पुणे)
नर्सरीतून चार लिथॉप्स (दगडासारखी दिसणारी, मधे खाच असलेल्या दोन जाड पानांची झाडं) आणलीत. सगळी अडीच इंची काळ्या कुंडीत, नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा). एकाच्या खाचेतून नवी पानं डोकावतायत, एकाला बाजूने सुरकुत्या आहेत, दोन टणक आहेत. गॅलरी पूर्वेची, ऊन अकरापर्यंत. घरात परलाइट (कुंडीत घालायचे पांढरे, हलके खडे), गांडूळखत आणि बांधकामावरची क्रश सँड आहे. प्रमाण काय घेऊ? तळाला खापऱ्या घालू का? सुरकुतलेल्याला पाणी देऊ का?

काटेरी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. डिसेंबर तोंडावर आहे. या दिवसांत आत नवी जोडी तयार होते आणि ती जुन्या पानांतलं पाणी पिऊन वाढते. जुनी पानं सुरकुतणं म्हणजे काम नीट चाललंय. आत्ता पाणी दिलंत तर जुनी जोडी पुन्हा फुगते, नवी तिच्यात अडकते आणि एकावर एक अशी दुमजली इमारत उभी राहते. जुनी पानं कांद्याच्या सालीसारखी कागदी होईपर्यंत थांबा. पुण्यात साधारण फेब्रुवारी-मार्च उजाडतो.

आता माती. मापाने दहा भाग धरा:
चार भाग क्रश सँड, तीन भाग विटेचे २ ते ४ मिमीचे तुकडे, दोन भाग परलाइट, एक भाग गांडूळखत.

क्रश सँड आहे तशी वापरू नका, तिच्यातली भुकटीच मारते. रव्याच्या चाळणीतून चाळा. निम्म्याहून जास्त खाली जाईल, जाऊ दे. वर राहील ती पाणी नितळ येईपर्यंत धुवा. खतही चाळून घ्या, नाहीतर त्यातला बारीक गाळ तळाशी जाऊन भोकं बुजवतो.

खापऱ्या नकोत. बारीक मिश्रणातलं पाणी ते पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या तुकड्यांत उतरतच नाही. ओला थर आहे तो उलट वर, मुळांजवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरे.

गॅलरीतली_कुंडी
वीट कुठलीही चालेल? आणि चौघांना एकाच कुंडीत लावलं तर?

वीट_आणि_वाळू
पक्की भाजलेली, ठोकली की खणखणीत वाजणारी वीट घ्या. चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटांत चुरडून चिखल झाला तर ती वीट कुंडीतही तेच करणार. राखाडी, हलक्या सिमेंटी ब्लॉकचा चुरा मात्र नको, त्यात चुना असतो.

एकत्र लावू नका. तुमच्याकडची झाडं वेगवेगळ्या टप्प्यावर आहेत, पाणी मात्र कुंडीला एकच मिळणार. प्रत्येकी एक कुंडी, तीन इंच रुंद आणि निदान चार इंच खोल. सोटमूळ लांब जातं, उथळ कुंडीत ते तळाच्या ओलीत बसतं.

कोकोपीट सुकू द्या, मग टूथपिकने मोकळं करा. मुळांच्या मधोमध घट्ट गोळी असते, ती राहिली तर वरची सगळी मेहनत फुकट. बाहेर कोरडं मिश्रण आणि आत भिजलेला स्पंज! वाळलेली केसासारखी मुळं कापा, सोटमूळ राखा, मऊ तपकिरी भाग असेल तर स्वच्छ गाभा दिसेपर्यंत छाटा. तीन दिवस सावलीत सुकवून लावा. मूळ आणि पान जिथे जुळतात तो मानेचा भाग मिश्रणाच्या वर, वरून पसरलेल्या नुसत्या खड्यांत राहिला पाहिजे.

पाण्याबद्दल काटेरींशी थोडा मतभेद आहे. टणक असलेल्या दोघांची बारीक मुळं या झटापटीत तुटणारच. लावल्यावर दहा दिवसांनी कुंडीच्या कडेने दोन चमचे पाणी एकदाच द्यावं, मुळं फुटायला तेवढं लागतं. नवी पानं दिसणाऱ्याला तेही नको.

काटेरी
दोन चमचे मान्य. पण कडेनेच, खाचेत थेंब जाता कामा नये.

गॅलरीतली_कुंडी
मिश्रण जमलं हे कसं ओळखायचं? आणि पुढे वर्षभर?

वीट_आणि_वाळू
स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. झाड न लावता एक कुंडी भरा, कोरडी असताना वजन घ्या. मग भरपूर पाणी ओता. ते वर साचायला नको, लगेच खालून वाहायला हवं. निथळल्यावर वजन करा आणि रोज बघत राहा. चार दिवसांत वजन कोरड्याच्या जवळ आलं तर ठीक. आठवडा लागला तर खत निम्मं करा, खडे वाढवा. ही परीक्षा पावसाळी हवेत पुन्हा घ्या, आकडे पार बदलतात.

वर्षाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये झाड झोपलेलं असतं. तीन-चार आठवड्यांनी, बाजूने दाबल्यावर मऊ लागलं तरच, संध्याकाळी थोडं. काळी कुंडी उन्हात तापून मुळं शिजवते, ती पांढऱ्या किंवा मातीच्या कुंडीत बसवा. जून ते सप्टेंबर छप्पर हवंच, वाऱ्याने येणारी झडसुद्धा नको. खरा पाणी द्यायचा हंगाम ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात: पंधरा दिवसांनी, खालून वाहीपर्यंत. फुलंही बहुधा तेव्हाच येतात. पान बाजूने चिरलं तर पाणी जास्त झालंय. उंच, मानेसारखं वाढलं तर ऊन कमी पडतंय, पण एकदम भर उन्हात नेऊ नका, पांढरे डाग पडतात आणि ती पानं बदलेपर्यंत जात नाहीत.

काटेरी
बोअरचं पाणी असेल तर वरच्या खड्यांवर पांढरी खार धरते. महापालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. आणि पुढच्या वेळी घ्याल तेव्हा लिथॉप्सच्या लेस्ली किंवा ऑकॅम्पी या जाती घ्या. ती उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या भागातली, आपल्याकडच्या चुका त्यातल्या त्यात सोसतात. लाल ऑप्टिका ही जात हिवाळी पावसाच्या किनाऱ्याची. दिसते सुंदर, पण पहिल्या वर्षी नकोच.

मुळं मोकळी कराल तेव्हा कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात का तेही बघून घ्या. मिलीबग (रस शोषणारी कीड) असेल तर जुनं कोकोपीट घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकू नका.