मदत हवी आहे: वॉशिंग्टन डीसीत एक सेमिस्टर, राहायचं कुठे?

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राज्यशास्त्र शिकतेय, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर. जानेवारी ते मे विद्यापीठातर्फे डीसीत बिनपगारी इंटर्नशिप आहे. सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, मंजूर झालंय. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं तरच ओपीटी (शिक्षणानंतर त्याच विषयात काही काळ काम करायची परवानगी) हातचं जातं, त्यामुळे ती काळजी नाही.

अडलंय ते घराचं. ऑफिस युनियन स्टेशनजवळ. तिथे जाणाऱ्या मेट्रोच्या रेड लाइनवरचं सिल्व्हर स्प्रिंग बरं वाटतं, मेट्रो बदलायला नको. मैत्रीण म्हणते रॉसलिनला राहा, पण तिथून येताना मेट्रो सेंटर स्टेशनला गाडी बदलावी लागते, तीही ऐन थंडीत! कुणी राहिलंय का तिकडे? चार-पाच महिन्यांसाठी सबलेट (पोटभाड्याने घर) मिळतं, की वर्षाचाच करार मागतात? स्वयंपाकघर मात्र हवंच. मराठी घरात पेइंग गेस्ट म्हणून सोय असेल तर फारच छान.